टेस्ट पॅकेज म्हणजे रद्दी? 'पाणी भरा, गेज लावा'ला उत्तर

साइट_क्यूसी

परवा 'पाइपरॅक' यांनी इथे लिहिलं की पाइपिंगचं टेस्ट पॅकेज, म्हणजे लाइनीची दाबाची टेस्ट घेण्यासाठी जमवायची कागदांची फाइल, ही क्लायंटच्या समाधानासाठी जमवलेली रद्दी. लाइनीत पाणी भरा, गेज लावा, गळलं तर दिसेलच. फाइल काय, दोन पोरं बसवली की एका रात्रीत होते. त्याखाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग लागली. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

फाइल एका रात्रीत होते हे खरं आहे. त्या रात्री काय काय होतं तेही लिहायला हवं होतं. आयसोवर, म्हणजे लाइनीच्या ड्रॉइंगवर, १४ नंबरचा जॉइंट आहे. वेल्डिंगच्या रजिस्टरात १४ आणि १४ए असे दोन आहेत, कारण स्पूल (आधीच जोडून आणलेला पाइपचा तुकडा) बसेना म्हणून फिटरने जागेवर कापून मध्ये तुकडा घातला. १४एची रेडिओग्राफीची फिल्म काढलेलीच नाही. सकाळी आठला क्लायंटचा माणूस सहीला येणार, मग रात्री एक वाजता तो पोरगा काय करणार? १४ए खोडतो. टेस्ट होते, थेंब गळत नाही, सगळ्यांच्या सह्या होतात. अर्धवट पेनिट्रेशनचा, म्हणजे वेल्ड मुळापर्यंत न पोचलेला, जॉइंट डिझाइनच्या दीडपट दाबाला दहा मिनिटं काय, दिवसभरही तग धरेल. तो जातो नंतर, लाइन गरम-थंड होऊन, पंपाच्या थरथरीने. हायड्रोत, म्हणजे पाण्याच्या टेस्टमध्ये, एवढंच कळतं की आज गळत नाही. जॉइंट आतून कसा आहे हे फिल्मवरून कळतं, आणि फिल्म कुठल्या जॉइंटची हे वेल्ड मॅपवरून.

पॅकेजचं काम सुरू होतं पी अँड आयडीवर (प्लँटच्या पाइप आणि उपकरणांचा नकाशा) रंगीत पेन फिरवण्यापासून. कुठल्या लाइनी एका दाबाला बसतात, त्यात सगळ्यात कमकुवत भाग कुठला, हद्द कुठे, ब्लाइंड, म्हणजे लाइन बंद करणारे पत्रे, कुठे. कंट्रोल व्हॉल्व्ह, रोटामीटर, ऑरिफिस प्लेट, सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे टेम्पररी स्पूल. चेक व्हॉल्व्ह भरण्याच्या उलट दिशेला असेल तर फ्लॅप काढा. बॉल व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवा, म्हणजे पोकळीतही दाब जाईल. बेलोज, म्हणजे लाइनीतले लवचीक जोड, बांधा. स्प्रिंग सपोर्टच्या लॉक पिना आत आहेत का बघा, नाहीतर पाण्याच्या वजनाने लाइन खाली बसते. सगळ्यात उंच जागी व्हेंट हवा, नाहीतर हवा अडकून राहते आणि गेजचा काटा का सरकतोय ते कोणालाच कळत नाही. कॉलमच्या ओव्हरहेड लाइनला खाली गेज लावून वर दाब पोचला असं धरू नका, दर दहा मीटरला जवळजवळ एक बार कमी होतो. यातलं 'पाणी भरा, गेज लावा'मध्ये काय बसतं, सांगा.

पाइपरॅक

साहेब, चिडायच्या आधी लेख पुरता वाचायचा. लाइन चेक नको, ब्लाइंड लिस्ट नको, असं मी कुठे लिहिलंय दाखवा. मी रद्दी म्हणालो ती झेरॉक्सला. प्रत्येक पॅकेजमध्ये तीच डब्ल्यूपीएस (वेल्डिंगची ठरलेली पद्धत), त्याच वेल्डरांची तीच सर्टिफिकेटं. एकदा मास्टर फाइलला लावून नंबर द्यायला काय होतं? कामाची पानं मधे कुठेतरी दबतात आणि तीच कोणी उघडत नाही.

आता तुमच्या खात्याचं ऐका. एका साइटवर जॉइंटला प्रायमर लागलाय म्हणून क्यूसीने (गुणवत्ता तपासणाऱ्याने) टेस्ट थांबवली. बी३१.३ या पाइपिंगच्या कोडमध्ये स्वच्छ आहे: टेस्टच्या वेळी जॉइंट उघडे हवेत, इन्सुलेशन नको, पण सेन्सिटिव्ह लीक टेस्ट नसेल तर प्रायमर आणि रंग चालतो. तो म्हणाला, आमच्या स्पेकमध्ये चालत नाही. म्हटलं स्पेक दाखवा. स्पेक सापडेपर्यंत माझी गँग, पंप, हायड्रा क्रेन सगळं उभं. त्यांचे पैसे कोणी दिले? आम्हाला पैसे मिळतात इंच-डायावर, म्हणजे वेल्ड केलेल्या जॉइंटच्या इंचातल्या व्यासावर. वेल्ड पडला की बिल. हायड्रोच्या गँगला इंच-डाया पडत नाही, मग ठेकेदार चांगला फोरमन तिथे कशाला ठेवेल? जो कुठेच चालत नाही त्याला टेस्टवर टाकतात. फाइल रात्रीत बनते ती यामुळे. दोष पोराचा नाही आणि माझाही नाही.

साइट_क्यूसी

प्रायमरचं मान्य, कोडमध्ये तसंच आहे. पण क्लायंटचा स्पेक कोडपेक्षा कडक असू शकतो आणि तो करारात असेल तर पाळावाच लागतो. तो आधी वाचणं तुमचंही काम होतं.

कुरकुंभकर

तुमचं दोघांचं चालू द्या. आमच्यासारख्या छोट्या प्लँटला मे महिन्यात पाणी कुठून आणायचं ते कोणी लिहीत नाही. दौंड तालुक्यात उन्हाळ्यात टँकर प्यायलाच पुरत नाहीत, आणि तुम्ही म्हणता बारा इंची हेडर, म्हणजे मुख्य पाइप, पाण्याने भरा, गळलं तर काढा, परत भरा. आम्ही सरळ हवेने टेस्ट करतो. कॉम्प्रेसर लावला, साबणाचं पाणी फिरवलं, काम झालं. वाळवायची कटकट नाही. आजवर काही झालेलं नाही.

रुवैसवाला

कुरकुंभकर, हे वाक्य असं उघड्यावर टाकू नका. नवीन मुलं वाचतात.

तुमच्याच बारा इंची हेडरचा हिशोब घ्या. शंभर मीटर लाइन, आतलं आकारमान साधारण ७ घनमीटर. हवेने ११ बारला नेली तर आत साठलेली ऊर्जा सुमारे ११ मेगाज्यूल होते, म्हणजे अडीच किलो टीएनटी. तीच लाइन पाण्याने तेवढ्याच दाबाला भरली तर सुमारे २ किलोज्यूल. पाच हजारपटींहून जास्त फरक. पाण्याच्या टेस्टमध्ये जॉइंट गेला की फवारा उडतो आणि काटा पडतो. हवेत जॉइंट गेला की पाइपचा तुकडाच उडतो. २००९मध्ये शांघायच्या एलएनजी टर्मिनलवर न्यूमॅटिक, म्हणजे हवेची किंवा गॅसची, टेस्ट चालू असताना लाइन फुटून माणूस दगावला.

कोड हवेला सरसकट बंदी घालत नाही, हेही सांगतो. मालकाला हायड्रो अव्यवहार्य वाटली तर न्यूमॅटिक करता येते. पण मग डिझाइनच्या १.१ पट दाब, आधी १७० किलोपास्कलला किंवा टेस्टच्या निम्म्या दाबाला, जे कमी असेल तिथे थांबून गळती बघायची, मग पायरीपायरीने वर. रिलीफ व्हॉल्व्ह लावलेला हवा, टेस्ट दाबाच्या वर ३४५ किलोपास्कल किंवा १० टक्के, यातलं जे कमी त्याच्या आत सेट केलेला. दाब वर असताना जवळ माणूस नको. साबणाचं पाणी फिरवायचं ते दाब डिझाइनपर्यंत उतरवल्यावर. यातलं तुम्ही काय काय करता?

कुरकुंभकर

आखातात एसी पोर्टेबिनमध्ये बसून शिकवणं सोपं आहे. तिकडे पाणी समुद्रातून गोड करून घेतात, पैशाची चिंता नाही. आमचा मालक एका टँकरच्या बिलावर अर्धा तास बोलतो. रिलीफ व्हॉल्व्ह लावतो आम्ही, अडाणी नाही. आणि हवा नको तर नायट्रोजन घेऊ, सिलिंडर बँक मिळते.

रुवैसवाला

नायट्रोजनने ऊर्जा कमी होत नाही, तेवढीच राहते. उलट बंद खड्ड्यात गळला तर माणूस गुदमरतो आणि त्याला कळतही नाही.

आणि पोर्टेबिनचं म्हणाल तर मी चिपळूणचा, सुरुवात हेल्पर म्हणून केली आहे. तेव्हा एका साइटवर हवेची टेस्ट चालू होती. हाय पॉइंट व्हेंटला अर्ध्या इंची प्लग होता, थ्रेडेड. घाईत कोणीतरी हातानेच फिरवून सोडला होता, दोन आटेच धरले होते. दाब चढता चढता तो सुटला आणि मचाणाच्या फळीतून आरपार गेला. फळीवर उभा असलेला खलाशी (अवजड सामान चढवणारा कामगार) नुकताच पाणी प्यायला खाली उतरला होता. फळीतलं भोक मी बोट घालून बघितलंय, कडा एकदम साफ. प्लगचे आटे टेस्टच्या आधी मोजून बघायची ओळ चेकलिस्टमध्ये होती. चेकलिस्ट भरलेली होती, सहीसकट. त्यामुळे मालक टँकरचं काय म्हणतो याने मला फरक पडत नाही.

पाइपरॅक

बघा, चेकलिस्ट भरलेली होती! मी तेच म्हणतोय. कागद होता, सही होती, प्लग तरी उडाला.

साइट_क्यूसी

कागद खोटा होता, म्हणून उडाला. खोट्या सहीवर उपाय म्हणून चेकलिस्टच काढून टाकायची का? सही करणाऱ्याने वर चढून प्लगला हात लावायचा.

लोटे_गॅस्केट

टँकरचा विषय निघालाच आहे तर पाण्याचंही बोला. टँकरमधलं पाणी कुठल्या बोअरचं हे बघतं कोण? स्टेनलेसच्या लाइनीला क्लोराइड साधारण ५० पीपीएमच्या आत हवं असं बहुतेक स्पेक म्हणतात. आमच्याकडे एका युनिटमध्ये ३०४च्या लाइनी बोअरच्या पाण्याने टेस्ट केल्या आणि पाणी काढायचं राहिलं. पावसाळाभर तसंच पडून. कमिशनिंगला वेल्डच्या बाजूने पिनहोल, सुई टोचल्यासारखे. लाइन उघडली तर तळाशी तपकिरी चिखलाचे गोळे आणि प्रत्येकाखाली खड्डा. नवीन लाइन, एक थेंब प्रॉडक्ट गेलेलं नाही आणि बदलावी लागली. पॅकेजमध्ये पाण्याचा रिपोर्ट आणि पाणी काढून वाळवल्याची नोंद हे दोन कागद असते तर वाचली असती. पाइपरॅकदादा, हीही रद्दीच का?

पाइपरॅक

ही नाही. पण हे दोन कागद तीनशे झेरॉक्समध्ये शोधून दाखवा.

आयसोताई

मी प्लॅनिंगमध्ये आहे, आणि सगळे फिटर आणि क्यूसी यांच्यावरच बोलताय म्हणून लिहिते. मूळ घोळ पॅकेज कापण्यात आहे. बांधकाम चालतं एरियाप्रमाणे, रॅक एक, रॅक दोन. कमिशनिंगला हवी असते सिस्टिम, आधी कूलिंग वॉटर, मग इन्स्ट्रुमेंट एअर, मग स्टीम. इरेक्शन ८० टक्के झाल्यावर कोणीतरी आमच्याकडे येतं की पॅकेज पाडा. तोवर फिटरनी सोपे मोठे जॉइंट मारून इंच-डाया घेतलेला असतो, आणि प्रत्येक पॅकेजमध्ये दोन इंची ड्रेन नाहीतर एक सपोर्ट राहिलेला असतो. एका ड्रेनसाठी अख्खा लूप (एकत्र टेस्ट होणाऱ्या लाइनी) अडतो.

मी एका कामावर हट्टाने पॅकेज नंबर आयसो निघतानाच त्यावर घातला. स्पूल शॉपपासून सगळ्यांना माहीत की हा तुकडा कुठल्या पॅकेजचा. वेल्डची नोंद रोजच्या रोज त्या नंबराखाली जात होती, त्यामुळे रात्री फाइल बनवायला बसायची वेळच आली नाही. स्टीमच्या लाइनी तर पहिल्या दिवसापासून वेगळ्या काढायच्या. साडेतीन किलोच्या वर दाबाची, किंवा एक किलोच्या वर असून आतून २५४ मिलिमीटरपेक्षा मोठी लाइन आयबीआरमध्ये (बॉयलरच्या सरकारी नियमांत) येते, तिचे कागद वेगळे, इन्स्पेक्टर वेगळा, त्याची तारीख मिळणं वेगळं. ती दुसऱ्या लाइनीत मिसळली की दोन्ही अडकतात.

पाइपरॅक

ताई, हे आम्हाला आधी कोणी दिलं असतं तर मी तो लेख लिहिलाच नसता. आमच्या हातात आयसो येतो रेव्हिजन तीनचा आणि पॅकेजमध्ये लागलेला असतो रेव्हिजन एकचा.

लोटे_गॅस्केट

रीइन्स्टेटमेंटचं, म्हणजे टेस्टनंतर लाइन पूर्ववत करण्याचं, कोणीच बोललं नाही. टेस्ट झाली की सगळ्यांचं लक्ष पुढच्या लूपवर. आमच्याकडे एका पंपाच्या सक्शनला ब्लाइंड राहिला होता. बाहेर दांडी नसलेला, गोल कापलेला पत्रा. बाहेरून बघितलं तर फ्लँजमधली फट जरा जास्त, तेवढंच. पंप चालू केला, फ्लो नाही, सील जळालं. दोन शिफ्ट सगळे स्ट्रेनर उघडत बसले. ब्लाइंडला नंबर, बाहेर लाल दांडी, आणि काढल्यावर फोरमनची सही, एवढंच लागतं. १९८८च्या पायपर अल्फा या समुद्रातल्या तेल प्लॅटफॉर्मच्या दुर्घटनेत सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्या जागी लावलेला ब्लाइंड फ्लँज घट्ट नव्हता आणि तो पंप चालू करू नका हे पुढच्या शिफ्टला कळलं नाही. १६७ माणसं गेली.

पाइपरॅक

पायपर अल्फा परमिटची, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीची, गोष्ट आहे, टेस्ट पॅकेजची नाही. तुलना ओढून आणू नका.

लोटे_गॅस्केट

कागदाचं नाव वेगळं. कुठे काय बसवलंय हे पुढच्या माणसाला न कळणं सारखंच.

पाइपरॅक

बरं. ब्लाइंड लिस्ट, पाण्याचा रिपोर्ट, वेल्ड मॅप, मार्क केलेला पी अँड आयडी, पंच लिस्ट (राहिलेल्या कामांची यादी), गेजचं कॅलिब्रेशन, रीइन्स्टेटमेंट शीट. एवढं फोरमनच्या हातात आधी द्या, मी स्वतः लाइन चालून सही करीन. बाकी झेरॉक्स मास्टर फाइलला. आणि हायड्रोसाठी बिलात वेगळा दर. तो येत नाही तोवर मी लेख मागे घेणार नाही.

साइट_क्यूसी

दराच्या मागणीला माझा पाठिंबा आहे. 'ए' पंच, म्हणजे टेस्टआधी संपवायचीच कामं, बंद झाल्याशिवाय पंप लागणार नाही, हेही त्यात लिहा.

पाइपरॅक

लिहिलं. पण 'ए' कुठला आणि 'बी' कुठला हे लाइन वॉकच्या दिवशीच ठरायचं. टेस्टच्या सकाळी सपोर्टचा रंग 'ए'मध्ये नको.

कुरकुंभकर

रुवैसवाले, माझ्या हेडरचं सांगा. पाणी खरंच नाही. रॅकही जुना आहे, बारा इंचीचं पाण्याचं वजन घेईल याची खात्री नाही.

रुवैसवाला

मग तुकडे करा. लाइन चार स्पूलांत खाली जमिनीवर टेस्ट करा. एकाचं पाणी दुसऱ्यात घेता येतं, दीड-दोन हजार लिटरमध्ये भागेल. वर चढवल्यावर जोडणारे क्लोजर वेल्ड टेस्टशिवाय चालतात, पण फिट-अपपासून समोर उभं राहून तपासणी आणि शंभर टक्के आरटी (रेडिओग्राफी) किंवा यूटी (अल्ट्रासोनिक) हवी. त्या जॉइंटची यादी पॅकेजमध्ये वेगळी लावा, क्लायंटची आधी सही घ्या.

कुरकुंभकर

आरटीला आमच्याकडे रात्री दहानंतरच परवानगी मिळते, शेजारची शिफ्ट सुटल्यावर. तीन जॉइंट आहेत. एजन्सीला विचारतो. तुमचं बोलणं आवडलं नाही, पण स्पूलचं करून बघतो.