जामीन होऊन २६ दिवस झाले, दादा अजून आतच. जामीनदार कुठून आणायचा?

धारूरचा_धाकटा:
नमस्कार मंडळी, लांबलचक लिहायलोय, सांभाळून घ्या. माझा मोठा भाऊ दरसाल ऊसतोडीला जातो, तो आन वहिनी मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. गेल्या हंगामात ट्रॅक्टरमालकाकडून ८० हजार उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली, दोन अडीच महिने तोडलं आन मग वहिनीच्या पोटाचं दुखणं निघालं, पिशवी काढावी लागली, माघारी यावं लागलं. हिशोबात ४६ हजार अंगावर राहिले. पुढच्या हंगामात फिटले असते, सगळ्यांचे तसेच फिटतात. पण मालकानं त्याच्या जिल्ह्यात फसवणुकीची केस टाकली आन पोलीस रात्रीचे गावात येऊन दादाला घेऊन गेले. साडेतीन महिने झाले.

आता मुद्दा असा की सेशन कोर्टानं जामीन दिलाय. २५ हजाराचा जातमुचलका, म्हणजे स्वतःच्या हमीचा बाँड, आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. कोर्टातले कारकून बाबूसाहेब म्हणतात जामीनदार इथलाच, याच जिल्ह्यातला पाहिजे. तिकडं आम्हाला ओळखतं कोण, ज्याच्या फडात तोडलं त्यानंच केस केलीय! गावातले एक काका तयार झाले तर त्यांचा सातबारा चार भावांच्या सामाईकात, वर सोसायटीचा बोजा. आमचा स्वतःचा तर अजून आज्याच्या नावावर आहे, फेरफारच झाला नाही. तहसीलला ऐपतीच्या दाखल्यासाठी तीन चकरा झाल्या. रात्रभर एसटीनं जायचं, मुलाखतीला काचेपलीकडून पाच दहा मिनिटं बोलायचं, परत रात्रभर एसटी. दादा म्हणतो जामीन झाला तर मग सोडंनात का. काय सांगू त्याला?

गोदाकाठचा_माणूस:
राग येऊ देऊ नका, पण उचल घेऊन पळणारे पण लई झालेत. मुकादमाला विचारा, दोन दोन ठिकाणी उचल घेतात आन तिसऱ्याच कारखान्याला जातात. उगाच कोणी आत टाकत नाही.

धारूरचा_धाकटा:
पळाला असता तर घरी सापडला असता का हो? ऑपरेशनची फाईल आहे माझ्याकडं.

बार_रूम_लातूर:
गोदाकाठवाले, पळणारे असतील, पण हा माणूस अजून आरोपीच आहे, दोषी ठरलेला नाही. आणि तुरुंगात बहुतेक असेच आहेत. सरकारची २०२२ ची आकडेवारी बघा, देशात ५ लाख ७३ हजार बंदी, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. म्हणजे शंभरातले पंच्याहत्तरच्या वर. यात जामीन मंजूर होऊन कागदासाठी अडकलेले किती असतील ते आम्ही कोर्टात रोज बघतो.

धाकटे, आता तुमच्याकडं येतो. पहिली गोष्ट, मुळात अटकच घाईत झालेली दिसते, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस द्यावी, आपोआप अटक करू नये असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्येच अर्नेश कुमारच्या निकालात सांगितलंय. ते आता राहू द्या, पुढचं महत्त्वाचं. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं जामिनाबद्दल सूचना दिल्यात. जामीन झाल्यावर सात दिवसांत बंदी सुटला नाही तर जेल अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (फुकट वकील देणारी सरकारी संस्था) सचिवाला कळवायचं. महिनाभरात बाँड भरता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराची अट हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, तशी अट घालू नये, हे त्यातच लिहिलंय. ही प्रिंट काढून अर्जाला जोडा.

आणि हे काही नवीन नाही बरं का. १९७८ ला मोतीराम नावाच्या एका गवंड्याची केस मध्य प्रदेशातून सुप्रीम कोर्टात गेली होती. त्याला १० हजाराचा जामीन मागितला, त्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता तर मॅजिस्ट्रेट म्हणाले भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. तुमच्या दादाचंच प्रकरण म्हणा की. ४५ वर्षं होऊन गेली तरी बाबूसाहेब तेच विचारायलेत.

कोर्टात लोकअभिरक्षक कार्यालय असतं, तिथं जा. कोठडीत असलेल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विधी सेवेचा फोन १५१००. दोन मागण्या करा: स्थानिक जामीनदाराची अट काढा, आणि तोवर प्रोव्हिजनल कॅश बेल द्या, म्हणजे रोख भरून सोडा, जामीनदार आणायला चार आठवडे द्या.

परभणीकर७७:
मी ११ महिने आत होतो, कच्चा कैदी. नंतर निर्दोष सुटलो, पण ते कोणी विचारत नाही, लोकांना फक्त आत होता एवढंच लक्षात राहतं. धाकटे भाऊ, दादाची काळजी वाटत असंल तर दोन गोष्टी सांगतो. मारामारी वगैरे पिच्चरमध्ये दाखवतात तसं रोज नसतं. खरा त्रास जागेचा. बरॅक भरलेली, एका कुशीवर झोपायचं आन कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवायचं. नवा आला की संडासाजवळ. ज्याला मनीऑर्डर येते त्याची जागा हळूहळू खिडकीकडं सरकते. म्हणून महिन्याला पाचशे का होईना पाठवत जा, कॅन्टीनमधून साबण, बिस्किट घेता येतं, माणसाला बरं वाटतं.

दुसरं म्हणजे तारखा. गार्ड नाही म्हणून तारखेला नेत नाहीत, नाहीतर व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, उभं करतात, टीव्हीत साहेब दिसतात, आवाज तुटतो, दोन मिनिटात पुढची तारीख. माझ्या शेजारी एक पारधी पोरगं होतं, त्याला तर जामिनाचं कोणी कागद घेऊन आलंच नाही. पहिल्याच दिवशी विचारलं कुठल्या समाजाचा, आन झाडू त्याच्याच हातात. २०२४ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं ना की जेलात जातीवरून काम द्यायचं नाही, रजिस्टरमधला जातीचा रकानाच काढा. तेव्हा ते पोरगंच आठवलं मला. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमातीचा कायदा १९५२ ला गेला म्हणतात. बरॅकमध्ये गेल्यासारखा वाटत नव्हता.

नांदेडची_आक्का:
भाऊ, एक सांगते, कोर्टाच्या बाहेर चहाच्या टपरीवर जामीनदार आणून देतो म्हणणारे भेटतील, पाच सहा हजारात. आमच्या नात्यात एकानं तसला घेतला, सातबारा बोगस निघाला, जामीन तर गेलाच वर नवी केस. आन दादासोबत वहिनीकडं पण बघा. ऑपरेशन झालेली बाई, नवरा आत, लोक हळदीकुंकवाला बोलवायचं बंद करतात, दुकानदार उधार देत नाही. माझ्या बहिणीचं बघितलंय मी.

बार_रूम_लातूर:
आक्का बरोबर बोलल्या. अजून एक राहिलंच, केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे २०२३ पासून, पैशाअभावी अडकलेल्या कच्च्या कैद्याला जामिनासाठी पैशाची मदत मिळते. कलेक्टरची समिती ठरवते. जेलमधून नाव जायला पाहिजे, म्हणून पुढच्या मुलाखतीला दादाला सांगा, अधीक्षकाकडं लेखी अर्ज कर. लिहिता येत नसेल तर आतल्या कोणाकडून लिहून घे म्हणावं.

गोदाकाठचा_माणूस:
मला हे कॅश बेलचं माहीत नव्हतं. मघाशी जरा जास्तच बोललो. माझा मेव्हणा त्या बाजूला नोकरीला आहे, जामीन राहील का विचारून बघतो, कबूल नाही करत पण विचारतो.

धारूरचा_धाकटा:
उपकार झाले दादा. आज लोकअभिरक्षक कार्यालयात जाऊन आलो, मॅडमनी तिथंच बसून अर्ज केला, फाईल पण जोडली, येत्या गुरुवारी ठेवलंय. एकच विचारायचंय वकीलसाहेब. कॅश बेल दिली तर २५ हजार लगेच लागतील. आई म्हणायली रविवारच्या बाजारात शेळ्या विकून टाकू, सहा आहेत. विकू का गुरुवारपर्यंत थांबू?

बार_रूम_लातूर:
थांबा. रक्कम कमी करून मागितलीय का अर्जात, ते मॅडमना फोन करून विचारा, नसेल तर पुरवणी द्या. शेळ्या बाजारात नेऊ नका अजून.

परभणीकर७७:
आन विकायची वेळ आलीच तर बोकडं विका, गाभण शेळीला हात लावू नका.