गिझरची तोटी ठिबकते, प्लंबर म्हणतो बूच मारा. मदत हवी!

नमस्कार. आम्ही खानापूरचे. वर्ष-दीड वर्षापूर्वीपर्यंत घरात तांब्याचा बंब होता. सासूबाईंना वाकून लाकडं सारणं जमेना, म्हणून २५ लिटरचा, २००० वॅटचा उभा गिझर घेतला. वर्षभर तक्रार नव्हती. दिवाळीत माडीवर शॉवर लावला, धार बारीक येत होती म्हणून गच्चीत टाकीजवळ प्रेशर पंप बसवला, आणि तेव्हापासून गिझरच्या थंड पाण्याच्या जोडावर जो पितळी व्हॉल्व्ह आहे, त्याच्या तोटीतून थेंब पडतात. गिझर लावला की पाचेक मिनिटांनी सुरू, लाल दिवा गेला की हळूहळू बंद. खाली ठेवलेला तांब्या निम्मा भरतो.

प्लंबर बैलहोंगलकडचा. त्याचं मराठी नि माझं कन्नड सारख्याच तोलाचं, पण "बूच मारतो, एन आगंगिल्ल" (काही होत नाही) एवढं कळलं. तूर्त थांबवलंय.

दुसरं म्हणजे गिझरचा खटका पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत फिरवलेला. बंबाचीच सवय, आधी कढत पाणी बादलीत, मग विसण. गेल्या आठवड्यात विसण पडायच्या आत लेकाने हात घातला. फोड आले नाहीत, पण बोटं लालबुंद.

गिझरच्या प्लेटवर दाब ०.८ मेगापास्कल लिहिलाय, पंपावर २ बार. गिझर टाकीच्या पाचेक मीटर खाली. दाब जास्त होतोय का? आणि पाणी तापवायचं किती?

प्रतिसाद १
ताई, बूच अजिबात मारू देऊ नका. ०.८ मेगापास्कल म्हणजे ८ बार. दहा मीटर उंचीला साधारण १ बार, म्हणजे तुमच्या टाकीचा अर्धा आणि पंपाचे दोन, अडीच झाले. गिझरला ते काहीच नाही.

ठिबकतं ते वेगळ्या कारणाने. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की साधारण ४०० मिली वाढतं. पूर्वी ते पाइपातून मागे टाकीकडे सरकायचं, कळायचंही नाही. पंपात पाणी मागे न जाऊ देणारी झडप असते, ती वाट बंद झाली. आता दाब चढतो आणि व्हॉल्व्ह थेंब सोडतो. त्याचं कामच ते. थर्मोस्टॅट (पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा) चिकटला आणि कटआउटही (तो बिघडला तर वीज तोडणारा) गेला, तर गिझर फुटण्याआधीची शेवटची वाट तीच. तोटीला नळी जोडून मोरीत सोडा, तोंड उघडं ठेवा. गिझर बंद असतानाही रात्रभर ठिबकलं, तर मात्र व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलेत, बदलून घ्या.

तापमान ५५ ते ६०. साठ अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजतं, ५० ला काही मिनिटं लागतात. म्हणून ४५ वर ठेवावं असं वाटेल, पण साठलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. बादलीत आधी विसण, मग गरम. हा नियम घरात सगळ्यांना.

प्रतिसाद २
तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल, तर ६० च्या वर जाऊच नका. कॉइलवर पांढरा थर झपाट्याने चढतो. आमच्या जुन्या गिझरमधून चहाच्या बशीएवढी खपली निघाली होती. गिझर आतून गंजू नये म्हणून बसवलेली मॅग्नेशियमची कांडीही बघून घ्या, बहुतेक झिजली असेल.

धागाकर्ती
दोघांचे आभार. खटक्यावर आकडे नाहीत, नुसते ठिपके. डेअरीत कामाला असलेल्या दिरांनी दुधाचा थर्मामीटर आणला. (तापाचा घालू नका, तो ४२ ला संपतो.) दिवा गेल्यावर मगात धरलं तर ७२! दोन ठिपके मागे घेऊन ५७ वर आणलंय. तांब्यातलं पाणीही कमी झालं.

सासूबाईंचं म्हणणं, "ह्याला काय पाणी तापलं म्हणतात?" पण विसण आता आधी पडतं, तेही त्याच ओततात.