परदेशात फिरताना कॅमेरा घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच परदेशी जातोय आणि मिररलेस कॅमेरा तिथेच, उतरल्या उतरल्या घ्यायचा विचार आहे. २४ मेगापिक्सेल, सोबत किट लेन्स, एवढंच पुरे.

खरी काळजी वॉरंटीची आहे. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात कॅमेरा विकला गेला त्या देशापुरतीच असते. कोणी असा आणलेला कॅमेरा परत आल्यावर दुरुस्तीला दिलाय का? पैसे भरूनसुद्धा सर्व्हिस सेंटरने हात लावला नाही, असं कोणाच्या बाबतीत झालंय का? वर्षानुवर्षं पैसे साठवून घेतोय, त्यामुळे इथे चूक नको.

जपानी बाजारासाठीच्या काही मॉडेल्समध्ये मेनू फक्त जपानीतच असतो, म्हणून दुकानातच सुरू करून भाषा बघणार आहे. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असलं की फक्त पिन बदलली तरी चालतं, त्यामुळे तो प्रश्न नाही.

अडलंय ते कर परताव्यापाशी, म्हणजे पर्यटकाने तिथल्या खरेदीवर भरलेला कर परत मिळतो त्यापाशी. दुकानातून फॉर्म घ्यायचा आणि निघताना विमानतळावर कस्टम्सला वस्तू दाखवून शिक्का घ्यायचा, इतकं समजलं. पण काही देशांत वस्तू न वापरलेली दाखवावी लागते म्हणे. मला तर प्रवासभर फोटो काढायचेत! मग परतावा सोडून द्यायचा का? आणि परतताना आपल्या कस्टम्सला बिल दाखवताना नेमकं काय विचारतात?

ज्यांनी स्वतः असा कॅमेरा आणलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.