मदत हवी आहे: अमेरिकेतली पगारवाढ आणि माझी एसआयपी

नमस्कार मंडळी,

२०२१ पासून एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) च्या इंडेक्स फंडात एसआयपी चालू आहे. ‘अमेरिकेत मजुरीखर्च वाढला, महागाईची भीती’ असा मथळा दिसला की पोटात गोळा येतो. कारण २०२२. जूनमध्ये तिथली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली, आणि मार्च २०२२ मध्ये शून्याजवळ असलेला व्याजदर फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. शेअर पडले ते पडले, आधार द्यायचे ते रोखेही सोबत पडले.

मी मूळचा इचलकरंजीचा, त्यामुळे हा हिशोब मागावरूनच समजतो. आमच्या साध्या मागांवर मजुरी पिकावर (म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर), मीटरमागे. दर वाढला की कापड तेवढं महाग, पळवाट नाही. पुढे काकांनी एअरजेट (हवेच्या झोताने धागा टाकणारे वेगवान माग) घेतले. कामगाराचा पगार वाढला, पण कापड त्याहून जास्त निघायला लागलं आणि मीटरमागची मजुरी उलट उतरली. (कर्जाचा हप्ता काकूला विचारा!) म्हणजे पगार ५ टक्के आणि उत्पादकता ३ टक्के वाढली, तर एका नगामागे मजुरी साधारण २ टक्केच वाढली. फेडचं महागाईचं लक्ष्यही २ टक्केच आहे, मग घाबरायचं कशाला? १९९६ साली फेडचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रीनस्पॅन यांनीही उत्पादकता वाढतेय या भरवशावर दरवाढीची घाई केली नव्हती, असं वाचलंय.

माझं घोडं अडलंय ते उत्पादकतेच्या आकड्यावर. तो तिमाहीचा बदल वार्षिक दराने सांगतात, त्यामुळे प्रचंड उड्या मारतो आणि नंतर सुधारतातही. शिवाय २०२० मध्ये हॉटेलं-दुकानांतले कमी पगाराचे लोक घरी बसले, तेव्हा उत्पादकता वर गेलेली दिसली. माग तेच, फक्त हजेरीपुस्तक बदललं.

तर जाणकारांनी सांगावं: तुम्ही हा आकडा किती तिमाह्यांचा एकत्र धरून बघता? आणि नगामागची मजुरी खरंच वाढत असेल, तर कंपन्या ती किमतीत टाकतात की नफ्यातून सोसतात, हे आधी कुठे दिसतं? महागाई आणि नफा, दोन्हींचा फटका एकदम नको.

‘दीर्घ मुदतीत सगळं ठीक होतं’ हा सल्ला मिळून चुकलाय, तो कृपया नको. मुलीच्या कॉलेजला तीनच वर्षं आहेत. या फंडातले निम्मे पैसे आत्ताच काढून मुदत ठेवीत टाकू का?