मदत हवी आहे: आईसाठी बाहेर चालवायची मोबिलिटी स्कूटर, तीन चाकी की चार चाकी?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात मंगेशीला, देवळाच्या गावात राहतो. आई ७३ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेत, घरात काठीने फिरते पण रस्त्यावर आली की थोडं चालून लगेच टेकायला जागा शोधते. सोमवारच्या पालखीला तिला जायचंच असतं, आणि सोडायला कोणी नसलं की गप्प घरी बसते, बोलून पण दाखवत नाही, ते मला बघवत नाही. म्हणून खुर्चीसारखी सीट असलेली बॅटरीवाली मोबिलिटी स्कूटर बघतोय. साइडची चाकं लावलेली नेहमीची स्कूटर नको, ती तिला झेपणार नाही.

अडचण अशी की फाटकाबाहेर अरुंद वळण आणि लगेच चढ. तीन चाकी कमी जागेत वळते पण उतारावर वळताना कलंडायची भीती, चार चाकी भक्कम पण तिला वळायला जागा जास्त लागते. रस्त्याला फूटपाथ नाही, कडेचं डांबर तुटून खडी वर आलीय, पावसात चिखल, त्यामुळे छोट्या चाकांची, खालून घासतील अशी मॉडेलं मी आधीच बाद केली. दुकानदारांना चढाचं विचारलं की "आरामात चढते" म्हणतात, पण किती अंश आणि किती वजन घेऊन ते कोणी सांगत नाही. व्हीलचेअरच्या रॅम्पचं १:१२ प्रमाण (बारा फुटांत एक फूट चढ) म्हणजे जेमतेम ५ अंश, आमचा चढ त्याहून उभा आहे.

बॅटरीचं पण सांगा. लेड-अ‍ॅसिड स्वस्त पण जड, आणि पावसाळ्यात उतरलेली तशीच पडून राहिली की खराब होते. लिथियम हलकी, काढून घरात चार्ज करता येईल, पण महाग. गोव्यात कोणी वापरतंय का? सर्व्हिस, पार्ट्स इथे मिळतात की बेळगावहून मागवायचे?

प्रतिसाद (डिचोलीहून):
चढ असेल तर चार चाकीच घ्या, वळायला जागा कमी पडत असेल तर फाटक रुंद करून घ्या. आमच्या काकांकडे आहे. वेग द्यायचा लिव्हर सोडला की ब्रेक आपोआप लागतो, हे आईच्या हाताला आधी सपाट जागेवर बसवा, कारण घाबरलं की माणूस मूठ आवळतो आणि गाडी पुढेच जाते. ढकलण्यासाठी मोटर सोडवायचा एक खटका असतो, तो चढावर अजिबात वापरू नका, ब्रेक पण सुटतो. मागे उलटू नये म्हणून छोटी चाकं आहेत का बघा.

धागाकर्ता:
धन्यवाद, खटक्याचं माहीतच नव्हतं. दुकानदार आमच्या चढावर ट्रायल द्यायला गाडी घरी आणतात का? आईला बसवून बघितल्याशिवाय पैसे भरणार नाही.