शब्दचर्चा: ‘सोशल सिमँटिक वेब’, टॅग, ऑन्टॉलॉजी यांना मराठीत काय म्हणावे?

पानखूण

विकी, टॅग, शेरे ही सगळ्यांनी मिळून लिहिण्याची साधने आणि आरडीएफ (माहिती तीन-तीन भागांच्या विधानांत मांडण्याची पद्धत), ऑन्टॉलॉजी (विषयातल्या संकल्पनांचा आराखडा), स्पार्कल (त्या माहितीला प्रश्न विचारण्याची भाषा) हे यंत्राला अर्थ कळावा म्हणून केलेले तंत्र, या दोन्हींची सांगड घातली की तिला ‘सोशल सिमँटिक वेब’ म्हणतात. मराठीत सुचवले जाणारे शब्द असे: सिमँटिक वेब म्हणजे अर्थजाल, टॅग म्हणजे खूण, फोक्सॉनॉमी (लोकांनी लावलेल्या मोकळ्या टॅगांचा साठा) म्हणजे लोकवर्गीकरण, ऑन्टॉलॉजी म्हणजे सत्ताशास्त्र, ट्रिपल (आरडीएफमधले तीन भागांचे विधान) म्हणजे त्रिक, कोलॅबरेशन म्हणजे सहकार. यातले कोणते चालतील? शब्दाबरोबर ती वस्तू नेमके काय करते तेही लिहा. शब्द चुकला की वस्तूही चुकीची समजते.

कोशपाल

‘अर्थजाल’ नको. मराठीत ‘अर्थ’ समासाच्या आरंभी आला की वाचक आधी पैशाकडे वळतो: अर्थमंत्री, अर्थसंकल्प, अर्थसाहाय्य. ‘अर्थजाल’ मथळ्यात दिसले तर आर्थिक गैरव्यवहाराची बातमी वाटेल. ‘शब्दार्थजाल’ म्हटले की पैसा सुटतो, पण आशय चुकतो, कारण या तंत्राचा भर शब्दांपेक्षा वस्तूंवर आणि त्यांच्यातल्या नात्यांवर आहे. टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी मे २००१ मध्ये ही कल्पना सर्वसामान्य वाचकांपुढे मांडली, तेव्हाही माणसांसाठी लिहिलेल्या पानांतली माहिती यंत्राला हाताळता यावी हाच मुद्दा होता. ‘सिमँटिक वेब’ तसेच ठेवावे, किंवा पहिल्या उल्लेखात ‘यंत्राला अर्थ कळेल अशी वेबरचना’ असे उलगडून सांगावे. दर ओळीत मराठी प्रतिशब्द हवाच असा हट्ट या एका शब्दापुरता सोडलेला बरा.

‘सत्ताशास्त्र’ मात्र पूर्ण बाद. तत्त्वज्ञानात ते ‘काय अस्तित्वात आहे’ याचे शास्त्र. संगणकातली ऑन्टॉलॉजी म्हणजे एका गटाने आपल्या कामापुरता केलेला लेखी करार: आमच्या विषयात कोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत, त्यांना कोणते गुणधर्म असू शकतात, कशाचे नाते कशाशी जुळते. टॉम ग्रुबर यांनी १९९३ साली केलेल्या व्याख्येचा आशय ‘संकल्पनांच्या मांडणीचे स्पष्ट विवरण’ असा आहे. त्यावरून ‘संकल्पना-आराखडा’ हा शब्द सुचवतो.

टाचण

‘लोकवर्गीकरण’ हा शब्द दोन्ही पदांनी चुकतो. ‘लोकगीत’ म्हटले की लोकांनी रचलेले गीत हे आपोआप कळते. ‘लोकवर्गीकरण’ मात्र षष्ठी तत्पुरुषासारखे, म्हणजे ‘लोकांचे वर्गीकरण’ असे वाचले जाते, जणू माणसेच खणाखणांत घालायची आहेत. मग उरते ‘वर्गीकरण’. वर्गीकरणात वर-खाली पायऱ्या असतात: प्राणी, सस्तन, मांजर. टॅगांच्या ढिगात पायऱ्या नसतातच. थॉमस व्हँडर वाल यांनी २००४ मध्ये फोक्सॉनॉमी हा शब्द घडवला तो डेलिशस (दुवे साठवण्याचे संकेतस्थळ), फ्लिकर (छायाचित्रांचे संकेतस्थळ) यांसारख्या ठिकाणी लोक स्वतःच्या सोयीसाठी चिकटवत असलेल्या मोकळ्या टॅगांकडे पाहून. त्या गोष्टीला ‘लोकखुणा’ पुरे. ‘माझ्या लोकखुणा’ असे कोणी म्हणणार नाही, हा या शब्दाचा आणखी एक फायदा. एकट्याची ती खूण, सगळ्यांच्या मिळून लोकखुणा.

कोलॅबरेशनला ‘सहकार’ म्हटले तर वाचकाला सहकारी संस्था आठवते. ‘सहकार्य’ म्हणजे मदत, ‘सहकार्य करावे ही विनंती’ या वाक्यातली. ‘सहयोग’ बराचसा हातभार किंवा देणगीच्या अंगाने जातो. कामाचे नाव सरळ सांगावे: मजकूर असेल तर सहलेखन, आधीच्या मजकुरावर हात फिरवायचा असेल तर सामूहिक संपादन. एकच शब्द सगळीकडे बसवायला गेलो की तो कुठेच नीट बसत नाही.

रेघ

या सगळ्यात गाभ्याची क्रिया कोणती, तिला आधी नाव द्या. कोणीतरी ‘अंक’ असा टॅग लावला. हा अंक म्हणजे संख्येतला आकडा, नियतकालिकाचा अंक, की नाटकाचा? टॅग फक्त अक्षरे जाणतो. तीन माणसांनी तीन अर्थांनी लावलेला ‘अंक’ एकाच ढिगात पडतो, आणि शोधणाऱ्याला नाटकाच्या दुसऱ्या अंकाबरोबर गणिताची शिकवणीही मिळते. सामाजिक साधनांनी एवढेच केले: खुणा गोळा केल्या. सिमँटिक तंत्राची भर अशी की प्रत्येक खूण एका ठाम ओळखक्रमांकाला बांधता येते. विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या माहितीसाठ्यावर, प्रत्येक वस्तूला ‘क्यू’ने सुरू होणारा क्रमांक असतो. माणूस ही संकल्पना क्यू५, पॅरिस शहर क्यू९०, मराठी भाषा क्यू१५७१. नाव बदलले, भाषा बदलली तरी क्रमांक तोच.

ही जी बांधणी आहे तिला मराठीत तयार शब्द आहे: खूणगाठ. आजवर आपण ती मनाशी बांधत आलो, इथे क्रमांकाशी बांधायची. टॅग म्हणजे खूण, टॅग क्रमांकाशी जोडला की खूणगाठ. ‘सोशल सिमँटिक वेब’ समजावून सांगायचे तर ‘खुणा लोकांच्या, गाठी क्रमांकांच्या’ एवढ्यात ते येते.

कोशपाल

खूणगाठ आवडला. एकच शंका: ‘मनाशी खूणगाठ बांधली’ यात निश्चय आहे, आणि इथे गाठ सोडवताही आली पाहिजे, कारण चुकीचे जोडणे नेहमीच होते.

रेघ

बरोबर, आणि म्हणूनच गाठ किती घट्ट बांधायची यासाठी वेगवेगळी नाती दिलेली आहेत. सर्वांत घट्ट म्हणजे ऑउल या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या भाषेतले ‘सेमॲज’, म्हणजे ‘तेच ते’. दोन क्रमांक सेमॲजने जोडले की एकाबद्दल जे खरे ते दुसऱ्याबद्दलही खरे, असे यंत्र मानून चालते. पॅरिस शहर आणि पॅरिसवरचे विकीपान असे जोडलेत तर पान ज्या तारखेला तयार झाले ती शहराची स्थापना ठरते. ही चूक अगदी सर्रास होते. सामूहिक शब्दसंग्रहासाठी ऑगस्ट २००९ मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस झालेले ‘स्कॉस’, म्हणजे शब्दसूची मांडण्याचे मानक, जास्त सोयीचे. त्यात ‘क्लोजमॅच’ म्हणजे जवळपास तेच, आणि ‘एक्झॅक्टमॅच’ म्हणजे तंतोतंत. पहिले साखळीने पुढे सरकत नाही: अ जवळपास ब, ब जवळपास क, म्हणून अ जवळपास क असे निघत नाही. दुसरे सरकते. म्हणून नवी जोडणी कायम क्लोजमॅचने करावी, आणि दुसऱ्या कोणी तपासल्यावरच एक्झॅक्टमॅच करावी.

पानखूण

प्रत्यक्षात लोकखुणांपासून खूणगाठीपर्यंत जायचे कसे? दहा-वीस जणांचा गट आहे असे धरा.

रेघ

आधी काही आठवडे मोकळे टॅग लावू द्या, यादी लादू नका. लादली की लोक टॅग लावणेच सोडतात, आणि तुम्हाला त्यांचे खरे शब्द कधीच कळत नाहीत. मग सगळे टॅग काढून एका तक्त्यात घ्या: टॅग, किती जणांनी लावला, किती ठिकाणी. ‘किती जणांनी’ हा रकाना महत्त्वाचा, कारण एकाच माणसाने दोनशे वेळा लावलेला टॅग ही त्याची वैयक्तिक सवय असते. किमान तिघांनी लावलेले टॅग पुढे न्या, बाकीचे तसेच राहू द्या, पुसू नका.

पुढे नेलेल्या प्रत्येक अर्थाची एक संकल्पना करा. ‘अंक’च्या तीन होतील. स्कॉसचा नियम असा की एका भाषेत एका संकल्पनेला मुख्य नाव एकच, पर्यायी नावे हवी तितकी, आणि चुकीची किंवा जुनी लेखने ‘हिडनलेबल’मध्ये, म्हणजे शोधात सापडतील पण पडद्यावर दिसणार नाहीत. एका संकल्पनेसाठी एकच नाव या तिन्हींपैकी दोन ठिकाणी देता येत नाही. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचे एवढे भेद होतात की हिडनलेबल ही फार मोलाची सोय आहे. सर्वांत शेवटी विकिडेटाशी क्लोजमॅच.

टाचण

मोजणीआधी एक पायरी राहिली, आणि ती टाळली तर तक्ताच खोटा निघतो. ‘ॲप’ आणि ‘अॅप’ पडद्यावर सारखेच दिसतात. पहिल्यात ॲ हे एकच युनिकोड अक्षर आहे, २००८ मध्ये आलेले. दुसऱ्यात अ आणि त्यावर वेगळा चंद्र. युनिकोडचे नेहमीचे एनएफसी प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एकसारखी करण्याची पद्धत, या दोघांना एक करत नाही, त्यामुळे टॅग दोन आणि मोजणीही दोन. हा बदल स्वतः लिहावा लागतो.

रफाराची गोष्ट याहून नाजूक. ‘दऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. अदृश्य चिन्हे नकोत म्हणून सरसकट जोडक पुसले की दुसऱ्या प्रकारातल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्यांच्या जागी समुद्र! ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांचेही तेच. क्रम असा ठेवा: आधी र, हलन्त, जोडक हे त्रिकूट दिसेल तिथे ऱ आणि हलन्त करा, मग उरलेले जोडक तुलनेपुरते काढा, मग अॅ चा ॲ करा. मूळ लेखन वेगळ्या रकान्यात जपून ठेवा.

कोशपाल

ट्रिपलबद्दल राहिले. ‘त्रिक’ चांगला. ‘त्रिकूट’ तिघा माणसांच्या टोळीला जातो किंवा वर टाचण यांनी वापरला तसा तीन चिन्हांच्या जुळणीला, आरडीएफसाठी नको. त्रिकाच्या तीन भागांना कर्ता, क्रियापद, कर्म म्हणण्याचा मोह होतो, पण ‘पॅरिस, लोकसंख्या, अमुक’ यात क्रिया कुठे आहे? ‘वस्तू, गुणधर्म, मूल्य’ म्हणावे. सिमँटिक मीडियाविकी, म्हणजे विकीपानांत अशी त्रिके लिहू देणारी जोडणी, तिची पहिली आवृत्ती २००५ ची. तिथे साध्या विकीतला [[पॅरिस]] हा दुवा [[राजधानी::पॅरिस]] असा लिहिला की फ्रान्सच्या पानावर एक त्रिक तयार होते. वस्तू म्हणजे ते पान, गुणधर्म राजधानी, मूल्य पॅरिस. लिहिणाऱ्याने फक्त एक शब्द आणि चार ठिपके वाढवले. समाज आणि अर्थ यांची सांगड इतक्या साध्या हालचालीत दुसरीकडे क्वचितच दिसते.

इथला ठरलेला घोटाळा: नव्या गुणधर्माचा प्रकार सांगितला नाही तर त्याचे मूल्य ‘पान’ समजले जाते. मग लोकसंख्या अक्षरांप्रमाणे लागते, १०० आधी आणि २० नंतर. गुणधर्माच्या स्वतःच्या पानावर प्रकार ‘संख्या’ असा नोंदवावा, आणि तोही लेखन सुरू होण्यापूर्वी. नंतर बदलला तर जुनी पाने पुन्हा प्रक्रियेतून जाईपर्यंत याद्या अर्धवट दिसतात.

रेघ

त्रिक पुरत नाही ती जागाही सांगायला हवी. लोकसंख्या कोणत्या वर्षाची, हे तीन भागांत मावत नाही. विकिडेटा त्यासाठी त्या विधानालाच स्वतंत्र गाठ (नोड; वरची खूणगाठ नव्हे) देते आणि वर्ष, स्रोत तिला लटकवते. स्पार्कलने थेट विचारले तर सर्वांत वरच्या दर्जाचे मूल्यच मिळते, जुनी वर्षे हवी असतील तर विधानाच्या गाठीतून जावे लागते. तसेच विकिडेटावर गुणधर्मांना ‘पी’चे क्रमांक असतात: पी३१ म्हणजे ‘याचा नमुना’ आणि पी२७९ म्हणजे ‘याचा उपवर्ग’. एक विशिष्ट मांजर हा नमुना, मांजर हा सस्तन प्राण्यांचा उपवर्ग. नवे संपादक हे दोन सतत उलटसुलट करतात. प्रश्न फक्त पी३१ वर लिहिला की उपवर्गांखालच्या वस्तू यादीतून गळतात. पी३१ नंतर पी२७९ कितीही पायऱ्या चढू द्यावे. मात्र फार मोठा वर्ग घेतला तर विकिडेटाच्या प्रश्नसेवेची ६० सेकंदांची मर्यादा आड येते, तेव्हा आधी देश किंवा भाषा घालून यादी लहान करावी.

पानखूण

शेवटची व्याकरणाची शंका. जे शब्द तसेच ठेवायचे त्यांचे लिंग-वचन काय?

टाचण

तो टॅग, अनेकवचन टॅग, विभक्तीत टॅगांना. ती लिंक, लिंका. ती ऑन्टॉलॉजी. अनेकवचन ऑन्टॉलॉज्या लिहायला जड जाते, म्हणून तिथे संकल्पना-आराखडे. ती क्वेरी, अनेक क्वेऱ्या. हा क्वेऱ्या टंकताना ऱ वापरा, नाहीतर जोडक पुसला की ‘क्वेर्या’ होईल.