थिबा पॅलेसला राजवाडा म्हणायचं की कैदखाना?

भाट्येकर
परवा पाहुण्यांना रत्नागिरीचा थिबा पॅलेस दाखवायला नेलं. अर्धगोल लाकडी खिडकीपाशी उभं राहून सगळे खाडी बघत होते. पाहुण्यांची मुलगी म्हणाली, "काय मजेत राहत असेल ना राजा!" मला गलबलून आलं. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडालेहून उचलला, 1886 मध्ये इथे आणून ठेवला. मायदेश पुन्हा दिसला नाही. सरकारच्या परवानगीशिवाय ज्याला आवाराबाहेर पडता येत नव्हतं, त्याच्या घराला पॅलेस म्हणायचं? दारातच मोठ्या अक्षरांत लिहा, इथे एक राजा कैदेत होता.

जांभा_चिरा
पूर्ण असहमत. कैदी म्हटलं की माणसाचं बाकी सगळं जगणं पुसलं जातं. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्धच होते ना? त्याच काळात, 1931 मध्ये, पतितपावन मंदिर उभं राहिलं. त्या वर्षांना आपण नुसती कैद म्हणतो का? थिबाचाही इथे संसार होता. धाकट्या राजकन्येचा तर जन्मच रत्नागिरीतला, 1887 चा. गावाने त्याला राजाच म्हटलं. तो मान पाटी लावून काढून घेऊ नका.

भाट्येकर
मान काढून कोण घेतंय? सावरकरांची स्थानबद्धता संपली, ते बाहेर पडले. थिबाला मेल्यावरही घरी जाता आलं नाही. शिवाजीनगरात थडगं आहे, जाऊन या एकदा. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थीन सेन तिथे येऊन गेले. त्यांचा राजा अजून परक्या मातीत आहे, आणि आपण त्या वाड्यापुढे सेल्फी काढतो.

माजघर
तुम्ही दोघं सहाच वर्षांवर भांडताय. वाडा झाला 1910 मध्ये, राजा गेला डिसेंबर 1916 मध्ये. आधीची 24 वर्षं भाड्याच्या बंगल्यांत गेली, त्यांचं नाव तरी कुणी काढतं का?

आणि थोरली राजकन्या? राजवाड्यावर नोकरीला असलेल्या इथल्याच माणसापासून तिला मुलगी झाली. 1919 मध्ये राणी मुलींना घेऊन ब्रह्मदेशात परतली, पण थोरली पुन्हा रत्नागिरीला आली आणि 1947 मध्ये इथेच वारली, तीही हलाखीत. बापाला आणून ठेवलं होतं, ही आपल्या पायांनी आली. तिच्या घराला पाटी कुठे आहे? मोठ्या वास्तूंना सरकार आहे. साधी कौलारू घरं दर पावसाळ्यात एकेक वासा सोडतात, आणि घराबरोबर तिथल्या माणसाची गोष्टही जाते.

जांभा_चिरा
हे मात्र पटलं. थोरलीचं नाव आधी लागायला हवं. तरी पॅलेस हे नाव बदलू नये असंच माझं मत.

भाट्येकर
नाव राहू दे. पाटीवर थोरलीला राजाच्या शेजारी जागा द्या, भाड्याच्या बंगल्यांचीही नोंद करा. पण राजाच्या नावापुढचा 'कैदी' हा शब्द मी सोडणार नाही.